'विश यू वेअर हिअर' ऐकलं. पुढे काय ऐकू?

माजघर:
मंडळी, मुलगा शिकायला म्युनिकला गेलाय. परवा त्याची खोली आवरताना त्याच्या स्पीकरवर पिंक फ्लॉइडचं हे गाणं लागलं. आधी वाटलं, रेडिओची खरखर आहे. मग गिटार आली आणि मी फडकं हातात धरून पलंगावर बसूनच राहिले. आमच्याकडे भावगीतं आणि नाट्यपदं, रॉक कधी ऐकलं नाही. हे कुणासाठी केलंय? आणि पुढे काय ऐकू? फार कर्कश नको.

बारातारी:
ताई, खरखर मुद्दाम आहे! याच्या आधीच्या 'हॅव अ सिगार'पासून लावा. ते गाणं शेवटी एकदम बारीक होऊन रेडिओत शिरतं. स्टेशनं बदलतात, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा येऊन जातो, मग बारा तारांची गिटार, लांबच्या खोलीतून यावी तशी. थोड्या वेळानं दुसरी गिटार साथीला येते, ती मात्र अगदी तुमच्या शेजारी बसलेली. हेडफोन लावलेत तर मध्ये कुणीतरी खोकलेलंही ऐकू येईल. घरात एकटा बसलेला माणूस रेडिओतल्या वाजवणाऱ्याला साथ देतोय. शब्द सुरू व्हायच्या आधीच सगळं सांगून झालेलं असतं.

कुणासाठी? सिड बॅरेट. बँड उभा केला त्यानं, पण मन ढासळत गेलं आणि १९६८ मध्ये तो बाहेर पडला. ५ जून १९७५ ला याच अल्बमचं काम चालू असताना तो अॅबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. डोकं आणि भुवया भादरलेल्या, अंग सुटलेलं. जुन्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. मला हे वाचल्यापासून गाणं वेगळंच ऐकू येतं. समोर उभा असलेला माणूसही 'इथं' नसू शकतो.

आता 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ऐका. घाई नको, शब्द यायलाच आठ मिनिटांच्या वर लागतात. आलापी ऐकणाऱ्याला ते जड जाणार नाही.

रातकिडा:
+१. शिवाय लंडनच्या हाइड पार्कातलं, २ जुलै २००५ चं सादरीकरण बघाच. सिडनंतरच्या बँडमधले चौघं २४ वर्षांनी एकत्र आले होते. गाण्याआधी त्यांच्यातला रॉजर वॉटर्स सिडचं नाव घेतो. पुढच्या जुलैत सिड गेला. आणि याच गाण्याचं, जाझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनचं रूप शोधा, ते २०११ मध्ये बाहेर आलं. तुमच्या कानाला तेच सर्वांत जवळचं वाटेल.

माजघर:
दोघांचे मनापासून आभार. खोकला सापडला! रात्री लेकाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, परत लाव, मी पण ऐकतो." त्याची गिटार सहा तारांची आहे. तीवर हे शिकता येईल का? वय ५४.

बारातारी:
नक्की येईल. सुरुवातीच्या तुकड्यात अनामिका आणि करंगळी तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) जवळजवळ हलतच नाहीत. आधी तारा बदलून घ्या, पडून गंजल्या असतील.