शब्दचर्चा: ‘लाइव्ह गॉस्पेल अल्बम’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न

अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिन यांच्या ‘अमेझिंग ग्रेस’ (१९७२) या अल्बमवर मराठीत टिपण लिहायचं आहे. ‘लाइव्ह’ला ‘जिवंत’ म्हणावं की ‘थेट’? ‘गॉस्पेल’ला ‘शुभवर्तमान संगीत’ चालेल का? शिवाय काँग्रिगेशन, कॉल अँड रिस्पॉन्स, व्हॅम्प हे शब्द पदोपदी येतात, त्यांचं काय करावं?

प्रतिसाद १

‘जिवंत’ नकोच. ‘थेट’ प्रक्षेपणाला शोभतं, कारण तिथे घडणं आणि दिसणं एकाच वेळी असतं. हा अल्बम १३ आणि १४ जानेवारी १९७२ रोजी लॉस एंजेलिसमधल्या न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये मुद्रित झाला आणि जूनमध्ये दोन तबकड्यांचा संच म्हणून बाजारात आला. मधल्या काळात गाण्यांचा क्रम बदलला, संकलन झालं. मग त्यात ‘थेट’ काय उरलं?

‘मैफलीतलं ध्वनिमुद्रण’ हा आपला रुळलेला शब्दप्रयोग आहे, पण इथे तो फसवतो. मैफलीत श्रोते असतात. चर्चमध्ये मंडळी असते, म्हणजे उपासनेला जमलेला समुदाय. मराठी प्रोटेस्टंट वापरात काँग्रिगेशनला ‘मंडळी’च म्हणतात, आणि हा शब्द इथे चपखल बसतो. टाळ्या, ‘आमेन’, मध्येच उठणारा हुंकार हे सगळं त्या संगीताचा भाग आहे. म्हणून ‘मंडळीसह चर्चमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण’ असं लिहा. लांबलं तरी बरोबर आहे.

‘शुभवर्तमान’ म्हटलं की मराठी वाचकाला बायबलमधली मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं आठवतात. गॉस्पेल ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधली गायनशैली आहे. १९३० च्या दशकात शिकागोत थॉमस डॉर्सी यांनी ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीतातली लय आणि स्वर तिच्यात आणले. शैलीचं नाव ‘गॉस्पेल’च ठेवा. ‘हिम’साठी, म्हणजे चर्चमध्ये गायच्या गीतासाठी, ‘स्तोत्र’ वापरू नका. स्तोत्रसंहिता हा बायबलमधला वेगळा ग्रंथ आहे. ‘गीत’ किंवा ‘उपासनागीत’ पुरे. हा भेद या अल्बमला लागतोच, कारण शीर्षकगीत मुळात जॉन न्यूटन यांचं १८ व्या शतकातलं इंग्लिश उपासनागीत आहे. १० मिनिटांहून जास्त चालणारं ते गायन गॉस्पेल आहे, त्याचे शब्द मात्र गॉस्पेल नाहीत.

प्रतिसाद २

कॉल अँड रिस्पॉन्सला ‘सवाल-जवाब’ लिहिलेलं पाहिलं आहे. ते चूक आहे, त्यात दोन पक्षांची चढाओढ असते. ‘झील’ जवळचा शब्द. शाहिराची ओळ संपत आली की झिलकरी ती उचलतात, तसाच गायनवृंद मुख्य गायिकेची ओळ उचलतो. फरक एवढाच की गॉस्पेलमध्ये वृंदाचं उत्तर पुष्कळदा ओळ संपायच्या आत सुरू होतं आणि गायिका त्याच्यावरूनच पुढे जाते. ‘झील धरणे’ हे क्रियापद घ्या आणि पहिल्यांदा येईल तिथे हा फरक एका वाक्यात सांगा.

‘कॉयर’ला ‘गायनवृंद’ ठीक. इथे रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड यांचा सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर होता, संचालन अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं. त्याला ‘चार आवाजी’ म्हणण्याची चूक मात्र टाळा. युरोपीय पद्धतीत उंच आवाजापासून खर्जापर्यंत सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार विभाग; गॉस्पेल वृंद बहुधा तीनच विभागांचा असतो, बासचा वेगळा विभाग नसतो.

व्हॅम्पला प्रतिशब्द शोधू नका, वर्णन करा: गाण्याच्या शेवटाकडे दोन किंवा चार आवर्तनांची स्वरसंगती फिरत राहते, वृंद एकच छोटी ओळ घोळवतो, गायिका त्यावर उपज करते, आणि इशारा मिळेपर्यंत कुणी थांबत नाही. ध्वनिसंकलकाची खरी परीक्षा इथेच. लय हळूहळू चढलेली असते, कधी पट्टीही अर्ध्या स्वराने वर गेलेली असते. म्हणून पहिल्या फेरीचा तुकडा पाचव्या फेरीला जोडला तर टाळ्यांवर सांधा लगेच ऐकू येतो.

प्रतिसाद ३

टाळ्यांवरून एक. ‘टाळीच्या मात्रा’ असं लिहू नका, वाचक सम आणि खाली शोधत बसेल. ‘चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी’ असं सरळ लिहा.

‘ऑर्गन’ला तर खुलासा हवाच. मराठी कानाला तो नाट्यसंगीतातला, पायाने भाता मारून वाजवायचा वाटतो. गॉस्पेल चर्चमधला ऑर्गन बहुधा विजेवर चालणारा हॅमंड असतो आणि त्याचा आवाज लेस्ली नावाच्या स्पीकरपेटीतून येतो. तिच्यात वर फिरणारा कर्णा आणि खाली फिरणारं पिंप असतं. फिरण्याचे वेग दोन, आणि वादक संथावरून जलदवर गेला की तो थरथराट उठतो. मुद्रणाला कर्ण्यापाशी दोन माइक आणि पिंपापाशी एक अशी मांडणी नेहमीची. या अल्बमवर ऑर्गनवादक केन लपर आहेत.

प्रतिसाद ४

‘ब्लीड’, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणं, हा शब्दही टिपणात येणारच. स्टुडिओत त्याला ‘लीकेज’ म्हणतात, हाच शब्द ठेवा. ड्रम वृंदाच्या माइकमध्ये शिरतो; मग वृंदाचा आवाज वाढवला की झांजाही वाढतात. उपाय मुद्रणाच्या वेळीच करायचा. ढोबळ नियम असा की माइक गाणाऱ्यांपासून १ मीटरवर असेल तर दोन माइकमधलं अंतर किमान ३ मीटर ठेवावं. मंडळीसाठीचे माइक मंचापासून १५ मीटर मागे असतील तर मंचावरचा आवाज त्यांच्यात सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिश्रणात तो ट्रॅक तेवढा पुढे ओढला नाही तर तालवाद्यांचा ठोका दुहेरी ऐकू येतो. अंदाजाने ओढू नका. सुरुवातीला मंचावर एक टाळी वाजवून घ्या आणि दोन्ही ट्रॅकवरची तिची जागा जुळवा.

या टाळीला सिनेमावाले ‘क्लॅप’ म्हणतात. चित्रपट दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी ‘अमेझिंग ग्रेस’च्या त्या दोन्ही रात्रींचं चित्रीकरण केलं, पण क्लॅप दिलेच नाहीत, त्यामुळे चित्र आणि ध्वनी जुळेनात. अल्बम त्याच वर्षी निघाला. चित्रपट प्रदर्शित व्हायला २०१८ उजाडलं.