[मंडळ-यादी] रि: रि: सायलेन्सरची बुचं – शुक्रवारच्या आत कळवा

माई:
नमस्कार मंडळी,
शनिवारी हॉलिस्टर हिल्सच्या डर्ट-बाइक पार्कातून आल्यावर नेहमीच्या जागी गाड्या धुवायच्या आहेत. मागच्या खेपेसारखं सायलेन्सरमध्ये पाणी जायला नको, म्हणून सगळ्यांसाठी सायलेन्सरची रबरी बुचं एकदमच मागवते. दोन मापं दिसतात, टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीचं लहान आणि फोर-स्ट्रोकचं मोठं. मी सरसकट मोठी धरली आहेत. वेगळं हवं असेल तर लगेच सांगा.

नाना:
माई, ऑर्डर थांबवा. मुलांच्या दोन केटीएम टू-स्ट्रोक आहेत, त्यांचं तोंड जेमतेम इंचभर. मोठं बूच आत शिरणारच नाही. आणि फोर-स्ट्रोकमध्येही सगळ्यांचं माप एक नसतं. सायलेन्सरच्या नळीचा आतला व्यास मोजायचा, बाहेरचा नाही. स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा भाग) बसवला असेल तर तोंड आणखी लहान होतं, तेव्हा तो बसवलेला असतानाच मोजा. बूच निमुळतं असतं, म्हणून थोडा फरक चालतो. पण नुसतं टोक अडकलं तर प्रेशर वॉशरच्या झोतानं उडून जाईल. निदान निम्मं तरी आत गेलं पाहिजे. व्यास मोजायचं व्हर्नियर माझ्याकडे आहे, गुरुवारी कोणीही घेऊन जा.

बापू:
एवढी मोजामोज कशाला? कोल्हापूरला आम्ही राजदूत पंचगंगेच्या घाटावर धुवायचो. सायलेन्सरमध्ये चिंधी कोंबायची, वर प्लास्टिकची पिशवी, झालं काम. एकदा शेजाऱ्यांची चिंधी आतच राहिली. गाडी काही केल्या सुरू होईना, शेवटी मेकॅनिकनं तारेनं ओढून काढली. पण गाडी अजून आहे!

दादा:
बापू, चिंधीचा मुद्दा तुम्हीच निकालात काढलात. शिवाय चिंधी पाणी अडवत नाही, शोषते. सायलेन्सरच्या आत आवाज दाबणारी काचतंतूंची भरण असते. ती वारंवार भिजली की लवकर खराब होते आणि गाडीचा आवाज वाढतो. इथे कॅलिफोर्नियात १९८६ पासूनच्या बहुतेक ऑफ-रोड गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे. पार्कात आवाज मोजतात, तेव्हा घाटावरचं उदाहरण नको. बूच लाल किंवा केशरी घ्या, म्हणजे काढायचं राहिलं तर लगेच दिसेल.

साहित्य विभाग:
प्रेशर वॉशर मंडळाच्या साहित्यात आहे, नेण्याआधी माझ्याकडे नोंद करा. कोजागिरीपासून बारीक नोझल परत आलेलं नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी शनिवारी न विसरता आणावं. बुचंही साहित्यात जमा करायची की ज्याची त्यानं ठेवायची, हे आधी ठरवा. नाहीतर ती सगळी माझ्याच गॅरेजमध्ये येऊन पडतात.

काकू:
ज्याची त्यानं ठेवावीत. आम्ही थंडीत गाडी उभी करतो तेव्हाही लावतो. आमच्या शेडमध्ये उंदरांनी सायलेन्सरमध्ये घरटं केलं होतं.

नाना:
काकू, उंदरांसाठी लावा, पण नळी आतून पूर्ण कोरडी झाल्यावरच. ओलसर असताना बंद केलीत तर आत गंज धरेल. धुतल्यावर बूच काढायचं आणि इंजिन काही मिनिटं चालवून वाफ जाऊ द्यायची. आणि लावताना नळी गार हवी, तापलेल्या नळीत रबर वितळतं.

दादा:
दोन गोष्टी राहिल्या. २०१८ ते २०२१ मधल्या होंडा सीआरएफ२५०आर ला दोन सायलेन्सर आहेत, तिला बुचंही दोन लागतील. यामाहा वायझेड२५०एफ चं एअर फिल्टर २०१४ पासून पुढे, टाकीपाशी आलं आहे. तिथे झोत मारू नका, फिल्टरच्या जागी धुण्याचं झाकण लावा. मागचं बूच कितीही घट्ट बसलं तरी पुढून गेलेलं पाणी थांबणार नाही.

माई:
जुनी ऑर्डर रद्द केली. प्रत्येकानं गाडीचं मॉडेल, साल, सायलेन्सर किती आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये कळवा. ज्यांचं माप येणार नाही त्यांचं बूच मागवणार नाही. नाना, व्हर्नियर आधी माझ्याकडे द्या, मुलांच्या केटीएम मीच मोजून घेते.