स्वस्तातली ऑडिओ उपकरणं खरंच सुधारलीत का?

जुनीटेप: १९८०च्या दशकातला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि ८ इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) दोन स्पीकर आहेत. वूफरच्या कडेच्या फोमचा पार भुगा झालाय. दुरुस्ती करावी, की तेवढ्याच पैशात आजचे पॉवर्ड (आतच ॲम्प असलेले) स्पीकर घ्यावेत? ‘तसा माल आता बनत नाही’ म्हणतात, त्यात तथ्य किती?

तारवाला: वजनाबाबत आहे, आवाजाबाबत फारसं नाही. कॅसेटचा सिग्नल-नॉइज रेशो (गाणं खरखरीच्या किती वर असतं ते) डॉल्बी या खरखर कमी करणाऱ्या सोयीशिवाय ५०-५५ डेसिबल असायचा. १९८२ साली आलेल्या सीडीचा नव्वदीपार गेला, आणि आज फोनला लावायच्या चिमुकल्या डॅकमध्येही (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र) शंभर सहज मिळतो. स्पीकरच्या पेट्याही आता संगणकावर गणित करून, माइकने मोजून बनतात, त्यामुळे स्वस्त जोडीतही गाण्याचा गळा स्वच्छ येतो.

लबाडी तेवढी जुनीच. पूर्वी पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे, फुगवलेले) हजारो वॉट छापायचे, आता १० टक्के डिस्टॉर्शनला (आवाज बिघडलेला असताना) मोजलेले छापतात. तसंही ५० चे १०० वॉट झाले की वाढतात फक्त ३ डेसिबल.

खर्ज४०: खालच्या सुरांचं काय? आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनला चौपट हलावं लागतं. ४ इंची वूफर ते कुठून करणार? म्हणून डीएसपी (स्पीकरमधली आवाज घडवणारी चिप) हळू आवाजात बेस फुगवतो आणि आवाज वाढवला की गुपचूप काढून घेतो. घेण्याआधी ४० हर्ट्झचा टोन लावून आवाज चढवत न्या. पोर्टमधून (पेटीच्या हवेच्या भोकातून) नुसती फरफर आली तर समजा, खरा बेस नाही. तुमचे ८ इंची इथे आजही वरचढ ठरतील.

टर्नटेबल तर उलट घसरलेत. सगळ्यात स्वस्त नव्यांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) असते, ती रेकॉर्डवर ५ ग्रॅमच्या आसपास भार टाकते. चांगल्या मॅग्नेटिकला दीड-दोन पुरतात.

तारवाला: कबूल. मग आधी ॲम्प तपासा. स्पीकर काढा, आवाज शून्यावर, दहा मिनिटं चालू ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत ठीक, १०० च्या वर असेल तर स्पीकर जोडू नका.

फोम मागवताना ‘८ इंची’ एवढंच सांगू नका, कोनचा बाहेरचा आणि फ्रेमचा आतला व्यास मोजून द्या. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फोम आधी कोनला चिकटवा, तो सुकला की फ्रेमला. फ्रेमचा गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू लावा. खरखर आली तर कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) घासतेय, कोन किंचित सरकवा. मग २४ तास हात लावायचा नाही. दोन्ही वूफर एकदमच करा, आणि फोम मऊच घ्या. ताठ फोमने रेझोनन्स (कोनची नैसर्गिक कंपनसंख्या) वर चढतो, मग बेस पातळ होतो.

जुनीटेप: मोजलं. डावीकडे १२, उजवीकडे ३१० मिलिव्होल्ट.

तारवाला: ३१० ने कॉइल जळणार नाही, पण आकडा वाढत गेला तर जळेल. ऑफसेटचा (या नको असलेल्या डीसीचा) ट्रिमर, म्हणजे जुळवायची बारीक फिरकी, असेल तर बंद ॲम्पमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा, मूळ जागी आणा, पुन्हा मोजा. फरक नाही पडला तर उजव्या चॅनेलचा इनपुट कपॅसिटर गळतोय का बघा, मग पहिली ट्रान्झिस्टरची जोडी. फोम नंतर.