मदत हवी आहे: ऑपरेशन योजनेत झालं, पण महिन्याच्या गोळ्यांचं काय?

नमस्कार मंडळी,

आमचे अण्णा 68 वर्षांचे, कराडजवळ गावी असतात. दिवाळीनंतर त्यांची अँजिओप्लास्टी झाली. महात्मा फुले योजनेत बसली, आरोग्यमित्रांनी कागदपत्रं लावून दिली, एक पैसा भरावा लागला नाही. त्याबद्दल तक्रार नाहीच. पण योजना दवाखान्यात दाखल असलेल्यांची. सोबत दिलेल्या गोळ्या संपल्या आणि आमचं मीटर सुरू झालं. क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, वर शुगरच्या दोन. महिन्याला साडेतीन हजार.

रविवारी गावी गेले तर डबीत गोळ्या जास्तच शिल्लक. कॅलेंडरवर पेन्सिलीनं एक दिवसाआड टिंब काढलेलं. विचारलं तर म्हणतात, "आता छातीत काही होत नाही, पुरवून खातोय." स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यावर या गोळ्या चुकवायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी दोघांसमोर बजावलं होतं!

हार्टच्या पेशंटला जनऔषधीच्या (सरकारी योजनेच्या दुकानातल्या स्वस्त, ब्रँडशिवायच्या) गोळ्या कुणी देतंय का? मेडिकलवाले म्हणतात, चिठ्ठीवरचं नाव तेच देणार. (त्यांचंही बरोबर आहे, परस्पर बदलता येत नाही.) डॉक्टरांकडे विषय काढायचा कसा? आणि सरकारी दवाखान्यात खाजगीची चिठ्ठी चालते का?

प्रतिसाद 1
ताई, आधी अण्णांना फोन करा, एक दिवसाआड आजपासून बंद. माझ्या सासऱ्यांचं तीन वर्षं जनऔषधीवरच चाललंय. डॉक्टरांना सरळ सांगा, परवडत नाही म्हणून गोळ्या चुकवतायत. रागावले तर अण्णांवर रागावतील. ब्रँडखाली औषधाचं मूळ नाव लिहून मागा. मेटोप्रोलॉल नीट बघा: सक्सिनेट हळूहळू सुटणारी, टार्ट्रेट तशी नाही. एकीच्या जागी दुसरी आणू नका. जवळचं केंद्र आणि किंमत 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर दिसते.

प्रतिसाद 2
शुगरची गोळी एम्पाग्लिफ्लोझिन आहे का? तिचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं. मग बऱ्याच कंपन्यांनी काढली आणि दर धाडकन पडला. चिठ्ठी मात्र जुन्याच नावाची चालू राहते.
सरकारीचं म्हणाल तर 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. आमच्याकडे बाहेरच्या चिठ्ठीवर देत नाहीत, तिथल्या डॉक्टरांनी तपासून लिहावं लागतं. मेटफॉर्मिन कायम असतं, क्लोपिडोग्रेल कधी असतं कधी नसतं.

धागाकर्ती
चिठ्ठी काढून बघितली. एम्पाग्लिफ्लोझिनच आहे! मेटोप्रोलॉलपुढे बारीक अक्षरात एक्सएल (म्हणजे हळूहळू सुटणारी) लिहिलंय, आजवर वाचलंच नव्हतं. अण्णांना रात्री गोळी घेताना व्हिडिओ कॉल करायला लावलाय, कुरकुरतायत. शनिवारी डॉक्टरांकडे जातोय. कराडात साठा नियमित असणारं केंद्र माहीत असेल तर सांगा.