अनुभव धागा: एकट्याने मूल वाढवताना कर्जातून कसे बाहेर आलात?

घरात कमावणारं माणूस एकच, पदरी मूल आणि डोक्यावर कर्ज. अशा वेळी सल्ले देणारे ढीगभर भेटतात. "मी यातून गेलेय, मी असं केलं" म्हणणारं कुणी भेटत नाही. आजारपणाबद्दल आपण बोलतो, घटस्फोटाबद्दलही आता बोलायला लागलोय, पण कर्ज सख्ख्या बहिणीपासूनही लपवतो. म्हणून हा धागा काढतेय. आई असा वा बाबा, जोडीदार गेलेला असो वा वेगळा झालेला, सगळ्यांनी लिहा. रक्कम सांगायची नसेल तर नका सांगू. पण आधी काय फेडलं, कुणाशी बोललात, कुठला कागद कामी आला, हे नक्की सांगा.

माझं मत आधीच मांडते. जो सगळ्यात जास्त ओरडतो त्याच्या हातावर आपण पहिल्यांदा पैसे ठेवतो, आणि तिथेच सगळं बिघडतं. आधी पोराचं जेवण, घरभाडं, लाइट, शाळा. मग ज्याचं व्याज जास्त, ते. न पटल्यास तेही लिहा.

*

सांगली, मुलगा सातवीत

नवरा गेला तेव्हा कुणाचं किती देणं आहे हे मला धड माहीत नव्हतं. दिवस कार्य उरकतंय तोवर फोन सुरू झाले. वसुलीचा एक माणूस तर गॅलरीत उभा राहून, शेजारच्या चारही घरांना ऐकू जाईल असं बोलला.

माझे मामा बँकेतून निवृत्त झालेत. ते आले, कपाटातले सगळे कागद जमिनीवर ओतले आणि म्हणाले, "बाई, रडायचं नंतर. आधी सह्या बघू." तीन गठ्ठे केले. ज्यावर माझी सही आहे ते. जे त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे ते. आणि ज्याला कागदच नाही, ती उसनवारी.

दुसऱ्या गठ्ठ्यात क्रेडिट कार्ड आणि एक वैयक्तिक कर्ज होतं. सहकर्जदार मी नाही, जामीनदारही नाही. अशा कर्जाची वसुली गेलेल्या माणसाने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून होते. वारसांना स्वतःच्या कमाईतून ते फेडावं लागत नाही. आमच्याकडे त्यांच्या नावावर एक जुनी दुचाकी, एवढंच होतं. मृत्यूचा दाखला जोडून मामांनी दोन्ही बँकांना पत्रं लिहिली आणि पोच घेतली. त्या पोचेची झेरॉक्स मी पर्समध्ये ठेवायचे. पुढच्या वेळी वसुलीवाला आला तेव्हा आधी त्याचं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागितलं, मग ती झेरॉक्स हातात दिली. पुन्हा कुणी दारात आलं नाही.

पतसंस्थेच्या कर्जावर मात्र माझी सही होती आणि जामीनदार होते धाकटे दीर. ते फेडायचंच होतं, नाहीतर त्यांच्या पगारातून कापलं गेलं असतं. मॅनेजरना भेटून मुदत वाढवून घेतली, हप्ता जवळजवळ निम्म्यावर आला. व्याज जास्त गेलं, मान्य आहे. पण महिन्याला घरात दूध येत राहिलं. पोळी-भाजी केंद्रात सकाळची पाळी धरली, शिवाय घरून डबे. कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला मिळाला तो दिरांच्या हातात दिला. जाऊबाई त्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणी बोलल्या.

विम्याचंही बघा. कधी कधी कर्ज घेताना बँकेने त्यावर विमा काढलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. मंजुरीपत्रात शोधा.

*

डोंबिवली, मुलगी नऊ वर्षांची

मी बाबा आहे. बायकोच्या कॅन्सरच्या उपचारात मेडिक्लेम संपला आणि उरलेलं सगळं क्रेडिट कार्डांवर गेलं. ती राहिली नाही. कार्डं राहिली.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरत राहणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर करा. थकबाकी १,००,००० रुपये, व्याज महिना साडेतीन टक्के म्हणजे ३,५०० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ६३०. माझा मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे ५,००० भरले की मुद्दल कमी होतं ८७० रुपयांनी! आणि तेही त्या महिन्यात कार्ड अजिबात वापरलं नाही तर.

कार्डं कापून टाकली. बँकेला लिहून थकबाकीचे हप्ते पाडून मागितले. त्याचा दर कार्डापेक्षा बराच कमी पडतो. वसुलीवाले "अर्धे भरा, सेटल करू" म्हणत होते. ज्यांना दुसरा मार्गच नाही त्यांनी ते जरूर घ्यावं, पण बँकेच्या लेटरहेडवर लेखी घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. शिवाय सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद असलेल्या अहवालावर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज मिळणं अवघड होतं. मी पूर्ण फेडलं, वेळ लागला. अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून (सिबिल त्यातलाच एक) वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. फेडल्यावर तो काढून खातं 'बंद' दिसतंय ना, हे बघा.

बाबा लोकांसाठी अजून एक. पुरुषाला मदत लागत असेल असं कुणाच्या मनात येत नाही, तेव्हा तोंडाने मागा. मी समोरच्या मावशींना विचारलं, संध्याकाळी मुलीला व्हॅनमधून उतरवून घ्याल का? त्या नुसत्या "हो" म्हणाल्या नाहीत, तिचं खाणंपिणंही बघू लागल्या. त्यामुळे मला ओव्हरटाइम करता आला. माझं कर्ज फिटण्यात मावशींचा वाटा मोठा आहे.

*

इचलकरंजी

फायनान्स कंपन्या बायांचा गट करून देत्यात ते गटाचं कर्ज घेतलं नाही अशी बाई आमच्या गल्लीत सापडायची नाही. नवरा निघून गेला तवा माझ्यावर तीन गटांचे हप्ते होते. एकाचा भरायला दुसऱ्याचा घ्यायचा. वर एका सावकाराचं, महिना दहा टक्क्यानं.

आमच्या बचत गटाच्या ताईंनी सांगितलं, सावकाराकडं परवाना आहे का इचार. नव्हता. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा हाय, बिगरपरवाना सावकारी गुन्हा हाय, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची. ताई सोबत आल्या म्हणून मी गेले, एकटी गेले नसते. कोरा चेक घेतलेला, तो परत मिळाला. मग बचत गटातनं कमी व्याजानं उचलून एक गट बंद केला, मग दुसरा. बायांनो, नवीन गट घेऊ नका. बैठकीत सगळ्या बघत्यात म्हणून लाज वाटती, तरी घेऊ नका.

*

नागपूर, दोन मुली

पोटगीचा अर्ज करा. "त्याच्याकडून काही नको" हा बाणा आपल्यापुरता ठीक. पैसा मुलींचा आहे. वकिलाची फी नाही म्हणून मी थांबले होते. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय, त्यामुळे अर्ज लांबवला तर नुकसान आपलंच.

राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचंही विचारा, एकल पालकांच्या मुलांनाही ती लागू आहे. २०२३ मध्ये रक्कम महिना २,२५० रुपये झाली. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज. पैसे वेळेवर येतीलच असं नाही, त्यामुळे हप्ता त्यावर लावू नका, वह्या-दप्तरासाठी ठेवा.

*

लेस्टर, इंग्लंड

इथे नव्याने आलेल्या मराठी मुलींसाठी लिहिते. इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून 'ब्रीदिंग स्पेस' ही सरकारी योजना आहे. कर्ज सल्लागारामार्फत अर्ज केला की बहुतेक कर्जांवरचं व्याज, दंड आणि वसुली ६० दिवस थांबते. स्टेपचेंज आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. जो कर्ज निस्तरून देण्याची फी मागतो त्याच्याकडे जाऊ नका.

*

डोंबिवलीकर, पुन्हा

मुलांना सांगावं का? मी सांगितलं नाही. नऊ वर्षांचं मूल, आई नुकतीच गेलेली.

सांगली

मी सांगितलं. त्याला फोनची रिंग वाजली की पोटात दुखायचं. "बाबांचं थोडं कर्ज आहे, आई फेडतेय, आपण इथेच राहणार आहोत" एवढंच बोलले. नंतर दुखणं थांबलं. आकडा सांगायची गरज नसते, पण घर जाणार नाही हे मुलांना कळायला हवं.

*

एक वाचक

हे सगळं रात्री वाचतेय. पाच तारखेला बँकेचा हप्ता, दहाला शाळेची फी, हातात दोन्हीपैकी एकाचेच पैसे. एका लोन ॲपवाल्याने माझ्या ऑफिसातल्या लोकांना मेसेज पाठवलेत. काय करू?

धागाकर्ती

ताई, बरं झालं लिहिलंत. ॲपवाल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याला घाबरून दुसऱ्या ॲपवरून पैसे उचलू नका. ऑफिसात एका विश्वासाच्या माणसाला आजच सांगा, म्हणजे मेसेजची भीती उरत नाही. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; वेळांची नोंद ठेवा.

शाळेला फी दोन भागांत घ्या म्हणून लेखी अर्ज द्या. बँकेला पाच तारखेच्या आधी लिहा, हप्ता चुकल्यावर नाही. खात्यात पैसे नसतील आणि आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर दंड दोन्हीकडून बसतो, खातं असलेल्या बँकेचा आणि कर्ज देणाऱ्याचा. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, म्हणून मेलच करा, फोनवर भागवू नका. मसुदा देते, जागा भरून तसाच पाठवा:

"माझं कर्ज खातं क्र. ... आहे. मी एकल पालक असून ... या कारणामुळे माझ्या उत्पन्नात घट झाली आहे. सध्या मी दरमहा ... रुपये नियमित भरू शकते. कृपया कर्जाची मुदत वाढवून हप्ता तेवढा करून द्यावा. सोबत पगारपत्रक आणि मागील सहा महिन्यांचं खातेपत्रक जोडलं आहे. आपलं उत्तर लेखी मिळावं, ही विनंती."

आकडा तुम्हाला खरंच झेपेल तोच टाका. पाठवल्यावर इथे कळवा, सांगलीच्या ताईंचे मामा उत्तर वाचून सांगतील असं त्यांनी मला आत्ताच कळवलंय.