सांगणे, टाकणे, फिरणे

(वाळवा तालुका)

आमच्याकडे गेल्या महिन्यात वास्तुशांत झाली. आठवडाभर आधी मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तारीख, वेळ आणि पत्रिकेचा फोटो टाकला. आत्या आली नाही. दुसऱ्या दिवशी फोन लावला तर म्हणाली, "मला कुणी सांगितलंच न्हाई."

"आत्या, ग्रुपवर टाकलं होतं की. तू वाचल्याचंही दिसतंय इथं."

"टाकलं असंल. सांगितलं कुठं?"

मी गप्प बसलो. रात्रभर तिचं वाक्य डोक्यात राहिलं. रुसवा बाजूला ठेवला तर आत्या व्याकरणाचंच बोलत होती. 'सांगणे'ला माणूस लागतो. कुणाला सांगितलं? आत्याला. तो 'ला' नसेल तर वाक्य अर्धवट वाटतं. 'टाकणे'ला जागा लागते. कुठं टाकलं? ग्रुपवर. या वाक्यात आत्या कुठंच नाही.

माझ्या आज्जीच्या तोंडी 'सांगावा' हा शब्द होता. "सांगावा धाडला का?" असं तिनं विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुणासंगं?" बाजारला निघालेला शेजारी, एसटीचा कंडक्टर, दूध घालायला येणारा पोरगा, कुणीतरी तो नेणारा असायचाच. सांगावा पोचला की नाही, याचं उत्तरही त्याच माणसाकडून यायचं. 'निरोप'ही आपण वापरतो, पण त्याला दोन बाजू आहेत. 'पाहुण्यांना निरोप दिला' म्हणजे त्यांना वाटेला लावलं की त्यांना काही कळवलं, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय समजत नाही. 'सांगावा'त ती अडचण नाही.

तर प्रश्न असा: मोबाइलवरच्या मेसेजला 'सांगावा' म्हणावं का? 'संदेश' कुणी बोलत नाही, तो मंत्र्यांच्या शुभेच्छांपुरता उरलाय. मला मात्र वाटतं, म्हणू नये. नेणारा माणूस गेला की तो सांगावा राहत नाही.

(विटा)

'टाकणे'वर तुम्ही अन्याय करताय. पत्रसुद्धा आपण पेटीत टाकतच होतो. पोस्टमन ते घरपोच आणून द्यायचा आणि कुणाचीही आत्या रुसत नव्हती. 'शब्द टाकणे' बघा. मुलाच्या नोकरीसाठी कुणाकडं शब्द टाकायचा तर माणूस आपली सगळी पत पणाला लावतो. तिथलं टाकणं निष्काळजीपणाचं नाही. आणि 'ला' तर इथंही येतो, 'तुला मेसेज टाकतो' असं आपण दिवसातून दहादा म्हणतो.

'वर'चंही तसंच. 'तुमच्या कानावर घालतो' यात 'वर' आहे, तरी हे बोलणं अगदी समोरासमोरचं. दोष क्रियापदाचा नाही, ग्रुपचा आहे.

(कराड)

मी बारा वर्षं मोबाइलच्या दुकानात काम केलं, त्यातलं थोडं सांगतो. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसतात, देवनागरी फक्त ७०. आपल्या लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला जास्त जागा लागते, त्यामुळं मर्यादा निम्म्याहून खाली येते. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'कृष्णा' आपल्या डोळ्याला दोन अक्षरं, फोनला सहा. 'सांगावा' सात. म्हणून तेव्हा लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे, आणि 'मला' की 'माला' की 'माळा' हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. म्हातारी माणसं दुकानात येऊन "एवढं वाचून दाखव" म्हणायची. म्हणजे मेसेज फोनवर आला तरी तो सांगायला शेवटी माणूसच लागत होता. तुमचा 'नेणारा' तेव्हा माझ्यासारखा दुकानात बसलेला असायचा.

दुसरा शब्द 'मिस कॉल'. इंग्रजीत तो घेणाऱ्याकडून चुकतो. आपण तो 'देतो'. "घाटाखाली आलो की मिस कॉल देतो." उचलू नये म्हणूनच केलेला फोन! २००३ च्या आधी येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे, पुढं बॅलन्स वाचवायचा म्हणून ही सवय घट्ट झाली. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम एक मिस कॉल द्यायचा, म्हणजे गाडी फडात आणा. दोन दिले तर थांबा, तोड पुढं गेली. एक अक्षर न बोलता, एक पैसा न मोडता. मराठीनं 'देणे' हे क्रियापद तिथं उगाच नाही लावलं.

(सांगली, गावभाग)

तुमच्या दोन क्रियापदांत मी तिसरं घालते, 'फिरणे'. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही ते शिकलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोराबाळांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आधीचे दोन दिवस घरात एकच प्रश्न: "आयर्विनला किती?" फूट म्हणायची गरजच नसते.

त्या रात्री माझ्या फोनवर एका तासात तीन वेगवेगळे आकडे आले. एकात पाणी उतरायला लागलेलं, दुसऱ्यात कोयनेचा विसर्ग आणखी वाढवलेला. ('विसर्ग' म्हटलं की आता शाळेतले दोन टिंब कुणाला आठवत नाहीत, क्युसेक आठवतात.) मी दिराला विचारलं, "हे कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "सांगितलं न्हाई कुणी, फिरतंय." सासूबाईंनी ते ऐकलं आणि लगेच म्हणाल्या, "फिरत्याचं काय धरायचं. वरच्या आळीत जाऊन पाण्याची खूण बघून ये." तो गुडघाभर पाण्यातून गेला, परत येऊन म्हणाला, "मारुतीच्या पायरीला लागलंय." आम्ही त्या एका वाक्यावर धान्य माळ्यावर चढवलं आणि घर सोडलं.

'मेसेज फिरतोय' या वाक्यात कर्ता मेसेजच. पाठवणारा नाही, घेणारा नाही. 'फिरणे'ला कर्म लागत नाही, म्हणून व्याकरणात ते अकर्मक. माझ्या लेखी ते बिनमालकाचं क्रियापद.

(कडेगाव)

आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद ठेवतात. पोरं अभ्यासाला बसतात, शेजारीपाजारी ओट्यावर बोलतात. भोंग्याला शब्द नाहीत, तरी "भोंगा झाला" एवढ्यात सगळ्यांना सगळं कळतं. आमच्याकडं पूर्वी कारखान्याच्या भोंग्यावर स्वयंपाक ठरायचा, त्यामुळं शब्द नवा शोधावा लागला नाही.

(वाळवा तालुका)

विट्याचं म्हणणं मान्य. 'टाकणे'ला मी उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. 'कानावर घालणे' तर मला सुचायलाच हवं होतं. फरक 'वर'चा नाही, कशावर याचा आहे. कान एकाचा असतो.

गावभागातल्या ताईंनी मात्र माझा प्रश्नच पुढं नेला. सांगण्यात दोन माणसं दिसतात, टाकण्यात एक, फिरण्यात एकही नाही. अशा नजरेनं मी कालपासून घरचं बोलणं ऐकतोय. वडील ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर आलेलं वाचून म्हणतात "पाण्याची पाळी बदललीय असं टाकलंय", आणि तरी चपला घालून पाटकऱ्याला विचारायला जातात. परत आल्यावर म्हणतात, "सांगितलं त्यानं. गुरुवारी."

रविवारी आत्याकडं गेलो. चुकलो म्हणालो. तिनं आधी जेवायला वाढलं, मग स्वतःचा फोन पुढं केला आणि म्हणाली, "वास्तुशांतीचं फोटू टाक की ह्यात. सगळं टाक." मी बसल्या जागी चाळीस फोटो टाकले. तिनं एकेक मोठा करून बघितला. निघताना उंबऱ्यापाशी म्हणाली, "फोटू टाकलं तरी चालतंय. बारसं असलं की सांगायला ये."

म्हणजे आत्याच्या मराठीत फोटो टाकायचा असतो आणि आवतण सांगायचं असतं. जत-आटपाडीकडं या दोन्हींसाठी काय बोलतात? आणि 'सांगावा' तिकडं अजून कुणाच्या तोंडी आहे का?