मदत हवी आहे: इंजिन धुवावं की नुसतं पुसावं?

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल गाडी आहे, बऱ्यापैकी जुनी. बॉनेट उघडलं की इंजिनावर धूळ आणि तेल मिसळून बसलेला काळा चिकट थर दिसतो. तो घरीच साफ करायचा विचार आहे.

प्रेशर वॉशर वापरणार नाही, एवढं नक्की. जोराचं पाणी कनेक्टर आणि सेन्सरमध्ये शिरतं. रॉकेल-पेट्रोलने पुसण्याचा सल्लाही मिळाला, पण आग लागायची भीती, शिवाय रबरी होज आणि बेल्ट फुगतात, त्यामुळे तोही बाद. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर इनटेक प्लास्टिकने झाकायचे, पाण्यात मिसळणारं डीग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रावण) मारून मऊ ब्रशने घासायचं आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, असं ठरवलंय.

अडलंय ते इथे: इग्निशन कॉइलच्या (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) खाचांजवळ बराच मळ आहे. कॉइल काढून साफ केलं तर तो मळ स्पार्क प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, पडेल का? आधी हवेने उडवावा की कॉइल जागेवर ठेवूनच पुसावं?

दुसरं म्हणजे, व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाचं वरचं झाकण) कडेला तेल ओलं दिसतं. त्याखालचं गॅस्केट (गळती रोखणारं सील) गेलं असावं असा माझा अंदाज. मग आधी गॅस्केट बदलून नंतर सफाई करावी, की गळती नेमकी कुठून आहे हे कळायला आधी सफाई?

स्वतः केलेल्यांनी सांगा. आणि तो चकचकीत करणारा स्प्रे सुचवू नका कृपया, त्यावर धूळ आणखीच चिकटते.